बांबू वाळेपर्यंत

—पळू नका, पळू नका हो, पडाल! तिकडे खड्डा आहे, रानडुकरासाठी खणलेला, वरून पाला टाकलाय. हां, तिथंच थांबा. आणि तो कपाळावरचा दिवा आधी विझवा बघू, माझे डोळे दिपतात, आणि उजाडलंयच आता. विझला? छान. नमस्कार, मिनेगिशी सेन्सेई. ओळखलं मी, ओळखलं, तोंडावरचं फडकं राहू द्या हवं तर, थंडी आहे, पण ओळखायचं काय त्यात — खाली वळणावर तुमचा पांढरा टेम्पो उभा आहे आणि त्याच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलंय, मिनेगिशी शाकुहाची बासऱ्या, विक्री, दुरुस्ती, शिकवणी. स्वतःच्या नावाची गाडी घेऊन चोरीला येणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. निदान एखादं पोतं तरी टांगायचं वरून!

बसा. बांबूच्या मुळाशी तुम्ही खणताय त्या खड्ड्याच्या काठावरच बसा, नाहीतरी अर्धा खणून झालाच आहे तुमचा. या कोयत्याकडे नका बघू, तो फांद्यांसाठी आहे, सवयीनं हातात असतो. हा घ्या चहा, थर्मासमध्ये आहे, गरम आहे, आणि हे रताळं, चुलीतलं, कागदात गुंडाळून आणलंय. तुमच्यासाठीच आणलंय हो! आज येणार ठाऊक होतं मला. डिसेंबर लागला, दोन दिवस कडक दंव पडलं, बांबूनं पाणी ओढायचं थांबवलं — आता नाही येणार तर कधी येणार? परवापासून या ओंडक्यावर बसतेय मी भल्या पहाटे. परवा आला नाहीत, काल आला नाहीत, काल तर मला रागच आला तुमचा. आजारी पडलात की काय, असंही मनात येऊन गेलं. — काय? माफी? मागाल हो, माफी मागायला अख्खी सकाळ पडलीय. उठा, कपाळ टेकवू नका मातीला, सर्दी होईल, आणि सर्दी झाली की फुंकणार कसे? खा ते रताळं आधी.

एक मात्र सांगते, चोर म्हणून तुमची वागणूक उत्तम. हसू नका, खरंच सांगतेय. किती हिवाळे येताय, पण खड्डा कधी उघडा टाकला नाहीत. माती भरून, दाबून, वर पाला पसरून जाता. शेजारचा सुगावारा आमच्या बांधावरचं आलं उपटून नेतो तो देठं तिथंच टाकून जातो, मेला. आणि गेल्या वर्षी तर काय, डोंगरदेवाच्या दगडासमोर साकेची बाटली ठेवून गेलात, चांगली, वरून कागद बांधलेली. देवाची परवानगी! देवाची घेतलीत, माझी नाही घेतलीत. म्हणून मग साके मी प्यायले. देवाला वास दिला आधी. चांगली होती, जरा गोडसर.

बघू, आज कुठला पसंत केलात? हा? हाच? अगंबाई! — नाही, हसत नाही, ठसका लागला. बरं, हाच का म्हणून? मुळाशी छान वाकलाय, पेरं जवळ जवळ आहेत, मुठीत धरला की मूठ भरते, आणि वर पांढऱ्या रंगात साल लिहिलंय, पाच वर्षांपूर्वीचं. म्हणजे निबर झालेला, काढायला तयार. बरोबर? सेन्सेई, हा बांबू याच पावसाळ्यात जमिनीतून वर आलाय. याच! त्याच्या ओठावरचं दूध अजून वाळलेलं नाही. हा नेऊन, निखाऱ्यावर धरून, त्याचं तेल काढून, पुसून, माळ्यावर टांगून ठेवला असतात ना, तर वर्षभरात सुरकुतून असा झाला असता — इकडे बघा — असा, माझ्या गालासारखा.

ते साल मी लिहिलंय. अहो, आमच्यात पद्धतच आहे, कोंब वाढून बांबू झाला की त्या वर्षी त्याच्यावर साल घालून ठेवायचं, म्हणजे कापताना कुठला म्हातारा आणि कुठलं पोर याचा गोंधळ नको. आमचे हे घालायचे पूर्वी. मग त्यांचे गुडघे गेले आणि रंगाचा डबा माझ्याकडे आला. तर गेल्या महिन्यात मी तो डबा घेतला आणि सबंध बन फिरले — नवे होते ते जुने केले, जुने होते ते नवे केले, काही नुसते हात शिवशिवले म्हणून बदलले. दिवसभर एकटीच हसत होते. पोस्टमन आला होता, त्याला वाटलं बाई कामातून गेली. — हो, मला माहीत आहे तुम्हाला कळलं असतं. उन्हात बघितलं असतंत तर कोवळ्याच्या पेराखाली असते ती पांढरी भुकटी दिसली असती, बोटानं ठोकलं असतंत तर आवाजावरून समजलं असतं. पण चोराला ठोकता येत नाही ना! ठोकलं की मी उठते. तुमच्या धंद्यातली सगळी अक्कल उजेडातली आहे, सेन्सेई, आणि तुम्ही येता अंधारात.

तुम्हीच ते, हे मला कसं कळलं म्हणता? ऑक्टोबरात तुमच्या गुरुवारच्या वर्गाला एक म्हातारी आली होती, आठवते? पहिल्या रांगेत बसलेली, हिरवी शाल. फुंकून फुंकून जिला चक्कर आली, आणि जिला तुम्ही मधोमध आडवं केलंत, उशाला गादीची गुंडाळी दिलीत? मीच ती. तेव्हा नाव वेगळं सांगितलं होतं, माझ्या मावसबहिणीचं. तर मी आडवी पडलेय, सगळ्या बायका वारा घालताहेत, आणि डोळे उघडून वर बघते तर काय — माळ्यावर बांबू टांगलेले, ओळीनं, मुळांसकट, आणि त्यांच्यावर आमच्या ह्यांच्या हातचे आकडे! ह्यांचा सात मी कुठंही ओळखेन, खाली शेपूट फरफटत जातं त्याचं. मला इतकं हसू आलं की तुम्हाला वाटलं झटकाच आला. ॲम्ब्युलन्स बोलवू का म्हणत होतात. आमच्याच बांबूंखाली झोपून आमच्याच चोराकडून पाणी पीत होते मी!

पोलिसांत? छे. पोलिसांत काय जायचं, बांबू काय कमी आहेत? उलट सगळा डोंगर गिळत चाललेत मेले, गेल्या वर्षी एक कोंब न्हाणीघराची फरशी फोडून आत आला. तुम्ही पाच-पन्नास नेलेत तर उपकारच आहेत तुमचे. पण तुम्हाला तेवढे नको असतात, तुम्हाला हजारातला एक हवा असतो. हे मला ठाऊक आहे, आमचे हेही तसेच, बनात शिरले की बायको बघायला आल्यासारखे एकेकाच्या पायाशी बसून बघायचे. मला बघायला आले तेव्हा एवढं बघितलं नव्हतं.

वर्गाला कशाला आले होते? शिकायला. दुसरं कशाला? या वयात माणसानं काही नवीन शिकू नये की काय. — असे बघू नका माझ्याकडे. चहा थंड होतोय. घ्या, अजून घ्या.

बरं, नव्हते आले शिकायला. मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता, तो आठवतो का? नाही ना? नाहीच आठवणार. मी हात वर केला आणि विचारलं, सेन्सेई, पुढचे दात गेले आणि कवळी बसवली तर शाकुहाची वाजते का? सगळ्या बायका हसल्या. तुम्हीही हसलात, चांगलं मोकळं हसलात, आणि म्हणालात, आजीबाई, ओठाला मागून आधारच नाही तर वारा बासरीच्या कडेवर बसणार कसा? नवे दात आले की शाकुहाची गेली, तुम्ही आता आपलं विणकाम करा. मीही हसले. सगळे हसताहेत तर आपण तोंड पाडून काय बसायचं. माझे दात? माझे सगळे शाबूत आहेत, हे बघा — रताळं सालासकट खाते मी.

ह्यांचे गेले. वसंतात. पुढचे चार वरचे, एकाच आठवड्यात, आणि मग डॉक्टर म्हणाला उरलेलेही काढून टाकू, आणि अशी सुंदर कवळी बसवली की माणूस वीस वर्षांनी तरुण दिसायला लागला. मी चेष्टा करायची, आता दुसरी बघा म्हणून. घरी आले, हातपाय धुतले, नेहमीसारखे ओट्यावर बसले, बासरी घेतली, आणि फूः. नुसता वारा. पुन्हा, फूः. मला म्हणतात, किनुए, हवा दमट आहे. मी म्हटलं, हो, दमटच आहे. दुसऱ्या दिवशी हवा कोरडी होती. मग म्हणाले बासरीला आतून काहीतरी झालंय, तोंडाची कड झिजली असेल. मी म्हटलं, झिजणारच, किती वर्षं वाजवताय. असं अख्खा उन्हाळा चाललं, बरं का. रोज सकाळी बासरीत नवीन दोष. एकदा भोकात कोळी शिरलाय म्हणाले. मी टॉर्च घेऊन बघितलं आत आणि म्हटलं, अगंबाई, खरंच की, हा काय गेला पळून. कोळीबिळी काही नव्हता. पण इतकं खोटं बोलले मी त्या उन्हाळ्यात की मलाच कधी कधी खरा कोळी दिसायचा.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, म्हातारा माणूस, नाही वाजली तर नाही वाजली. तर मग नोव्हेंबर आला. देवळात संस्थापकांची पुण्यतिथी असते ना — त्या दिवशी पूजा झाली की हे वाजवतात. दरवर्षी. आमचं लग्न व्हायच्या आधीपासून, म्हणजे तुम्ही जन्मालाही आला नव्हता तेव्हापासून. भटजी तीन बदलले, वाजवणारा तोच. सगळं गाव खाली मान घालून ऐकतं, अगदी तो आलं-चोर सुगावारासुद्धा. आणि जसजसा दिवस जवळ आला तसतसं ह्यांचं जेवण कमी झालं. बोलणं तर आधीच कमी. आधी अर्धी वाटी भात, मग चार घास. बाथरूममध्ये आरशासमोर उभे राहून ओठ असे करायचे, मग तसे करायचे, मी आले की कवळी घासतोय असं दाखवायचे. म्हणून मी तुमच्या वर्गाला आले. म्हटलं एखादी युक्ती असेल, तुम्हा लोकांकडे असतात युक्त्या, विचारावं, घरी जाऊन सहज बोलता बोलता सांगावी. आणि तुम्ही म्हणालात विणकाम करा.

राग नाही हो. तेव्हा आला होता, म्हणून तर आकडे फिरवले. आता नाही.

मग काय, पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी ती तडकली. टण्णकन आवाज झाला, कुणी लाकूड फोडावं तसा, तोंडापासून तिसऱ्या भोकापर्यंत उभी चीर. थंडीत तडकतातच ना या? तुम्ही लोक पिशवीत घालून, आत संत्र्याची साल घालून ठेवता ना, कोरड्या हवेपासून जपायला? हे तर लेकरासारखी जपायचे, आगगाडीत जायचं तर हीटरपासून लांबची जागा बघून बसायचे. आणि ती मेली रॉकेलची शेगडी म्हणजे — हवेतलं सगळं पाणी शोषून घेते, ओठसुद्धा फुटतात, बांबूचं काय घेऊन बसलात. संध्याकाळभर तिच्यासमोर ठेवल्यावर आणखी काय होणार?

...

ठेवल्यावर म्हणाले का मी?

बरं. ठेवली. मीच ठेवली. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. पिशवीतून काढली, शेगडीसमोर चटईवर ठेवली, आणि मी स्वयंपाकघरात मुळा किसत बसले. किसत बसले आणि कान तिकडे. म्हटलं तडक एकदाची, तडक गं बाई. ही तडकली की माझा माणूस सुटला. देवळात सांगायला होईल, काय करणार, बासरी फुटली. लोक हळहळतील. बासरी म्हातारी झाली म्हणतील, माणूस नाही. — डोळे का मोठे करताय असे? हां. हो. तुमच्याच वडिलांनी केलेली. ठाऊक आहे मला. थोरल्या मिनेगिशींनी स्वतः आमच्या ह्यांच्या ओठांचं माप बघून केली होती. पाप लागायचं असेल तर मला लागेल, तुम्ही चहा प्या.

आणि एक गंमत सांगू का. मी मुळा किसतेय, आणि हे मधेच उठले, पाणी प्यायला. शेगडीवरूनच यावं लागतं आमच्याकडे. आले, पाणी प्यायले, परत गेले. तिच्या अगदी शेजारून. मला वाटलं आता ओरडतील, आता उचलतील. काही नाही. जाऊन बसले आणि पेपर वाचायला लागले. पाहिली नसेल. चष्मा कपाळावर होता. — नाही, पेपर वाचत होते म्हणजे चष्मा डोळ्यावरच असणार, पण तरी नसेल पाहिली. काय? तुम्हाला काय वाटतं? — जाऊ द्या, काही वाटून घेऊ नका तुम्ही. मी पण नाही घेतलं.

आता चूक कुठं झाली ते ऐका. चूक माझी, अडाणीपणाची. मला वाटलं तडकली म्हणजे संपली, घडा फुटला की फेकायचा तशी. आणि दुसऱ्या दिवशी देवळातून आलो — हे मान खाली घालून आले, लोकांनी खांद्यावर हात ठेवले, सगळं ठरवल्यासारखं झालं — आणि घरी येऊन शांतपणे म्हणतात, किनुए, मिनेगिशीकडे दे पाठवून, दोऱ्यानं बांधून देईल आठवड्यात, पहिल्यापेक्षा घट्ट होते. माझ्या पायाखालची जमीन सरकली! बांधता येते? येते ना? तुम्ही मान डोलावताय म्हणजे येते. आधी कुणी सांगायचं नाही का! सगळ्या वर्गभर श्वास पोटातून घ्या आणि खांदे सैल सोडा, पण तडकलेली जुळते हे कामाचं एक वाक्य नाही.

म्हणजे बघा आता. तुम्ही ती बांधून देणार, पहिल्यापेक्षा घट्ट, ती परत येणार, हे ओट्यावर बसणार, आणि फूः. मग कोळी नाही, दमट हवा नाही, चीर नाही. मग काय सांगायचं मी? म्हणून मी काय केलं, तुमच्याकडे देऊन आले असं सांगितलं आणि बासरी तांदळाच्या पिंपात पुरली. दर तीन दिवसांनी विचारतात, झाली का? मी सांगते, मिनेगिशी सेन्सेई फार कामात आहेत. मग सांगितलं, मिनेगिशी सेन्सेईंच्या हाताला लागलंय. परवा तर तुम्हाला ज्वर आणला मी. चांगला सडकून आणला. आणि काल रात्री म्हणतात, बिचारा आजारी आहे तर उद्याच्या बसनं मीच जातो बघायला, जाताना खारवलेली फळं नेतो. आठ महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून घराबाहेर पडायचं नाव काढलं माणसानं, आणि ते माझं खोटं बघायला! इस्त्री केलेला सदरा उशाशी काढून ठेवलाय. म्हणून म्हणते, आज आला नसतात ना, मिनेगिशी सेन्सेई, तर तुमच्या घरी येऊन धरलं असतं मी तुम्हाला.

तर आता नीट ऐका. माझ्या ॲप्रनखाली फडक्यात काय आहे ते कळलंच असेल. ही घ्या. तांदूळ झटका आधी, भोकातसुद्धा शिरलेत. तुम्ही आत्ता खाली जायचं, हातपाय धुवायचे, माती काढायची, स्वच्छ कपडे घालायचे आणि बस यायच्या आधी समोरच्या फाटकातून यायचं. समोरच्या! तिकडून कसं यायचं ते माहीत नसेल तर सांगते. जरा फिकट चेहरा करून या, ज्वरातून उठलाय तुम्ही. ही बासरी दोन हातांनी त्यांच्यासमोर ठेवायची आणि म्हणायचं, काका, वाईट वाटतं सांगायला, पण ही जुळायची नाही. चीर आतल्या लाखेपर्यंत गेलीय, कडेपर्यंत गेलीय, काय वाटेल ते सांगा, तुमच्या धंद्यातलं काहीतरी अवघड सांगा. मी मध्ये मध्ये अरेरे म्हणेन. मग म्हणायचं, दुसरी करू या. तुमच्याच बनातल्या बांबूची. इथं मग खिडकीतून बनाकडे बघायचं, जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखं — जमेल, जमेल, तेवढं नाटक येतं तुम्हाला — आणि म्हणायचं, काका, बांबू तुम्हीच निवडा.

ते निवडतील. काठी टेकत बनाच्या कडेपर्यंत येतील, तिथूनच आकडे बघतील, आणि हमखास चुकीचा निवडतील, कारण आकडे माझे आहेत. बोट दाखवतील तो काढायचा. हा चालणार नाही, हा कोवळा आहे, असं एक अक्षर बोलायचं नाही. — हो, सुरकुतेल. सुरकुतू द्या ना! सुरकुतला की या, माफी मागा, तेवढी मागता येते तुम्हाला, आणि दुसरा निवडायला लावा. पुन्हा पहिल्यापासून.

आता मुद्द्याचं. ते विचारतील, वाळायला किती वर्षं? तुम्ही काय सांगणार? तीन? अहो, तीन म्हणजे काही नाही, तीन वर्षांत आमची मांजरसुद्धा म्हातारी होत नाही. पाच? पाच तर तुमचे वडीलच सांगायचे. सात सांगा. सात! चांगली बासरी हवी असेल तर सात वर्षं, काका, घाई केली तर आवाज कच्चा राहतो. त्यांना पटेल. बासरीच्या बाबतीत त्यांना घाई केलेली कधीच आवडली नाही. आणि मधे मधे या तुम्ही, वर्षातनं दोनदा, वाळतोय हो छान, म्हणून सांगायला. ते वाट बघतील. त्यांना वाट बघता येते, नुसतं कशाची ते लागतं. सदरा इस्त्री करून ठेवतील. जेवतील. सात वर्षांनी वाजणार आहे म्हटल्यावर कोण उपाशी बसतं?

सात वर्षांनी काय, ते मी बघेन. तेव्हा आम्ही दोघं असलो तर तुम्ही म्हणायचं, अजून दोन लागतील.

तुम्हाला काय मिळणार? आलात वळणावर! अहो, सगळं बन. खरे आकडे इथं आहेत माझ्या डोक्यात, ओढ्याच्या अंगाला एक आहे, मुळापाशी असा वळलाय की बघून तुम्ही रडाल, मीच दाखवेन, दिवसाउजेडी, ठोकून बघा हवं तेवढं. जन्मभर न्या. पण फाटकातून. आणि साके आणायची तर माझ्या हातात द्या, देव पीत नाही.

कबूल? — तोंडानं बोला. हं. बरं झालं. आणि नाक पुसा, वडिलांचं नाव काढलं म्हणून एवढं काय, आम्हालाही आठवतात ते.

थांबा. दार सरकलं वाटतं. उठले. आता चूळ भरतील, मग कवळी, मग माझ्या नावानं हाका. उठा, उठा, फावडं घ्या, तो खड्डा राहू दे, मी भरते. टेम्पो न वाजवता काढा खाली. आणि हे बघा — एक राहिलंच, इकडे या जरा. तुम्ही बासरी समोर ठेवली की ते म्हणतील, आलाच आहात तर ऐका, तडकलीय तरी वाजवतो. म्हणतीलच. त्यावर तुम्ही ‘नको काका’ असं म्हणू नका. तुमच्या वडिलांनी शिकवलेलंच वाजवतील, अख्खं. आवाज येणार नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता वारा येईल. तुम्ही डोळे मिटून घ्या आणि संपेपर्यंत उघडू नका. संपलं कधी ते कळतं हो, कळतं, मला अख्खा उन्हाळा कळलंय. संपलं की मग खाली वाकून नमस्कार करा, आमच्या गावातले करतात तसा. आणि छान झालं बिलं काही म्हणू नका. — जा आता. आले हो, आले! बनात आहे, डुक्कर हाकलतेय!